दारात कोणते झाड लावावे?

मृगाचा पाऊस पडून गेला की आमच्या दवाखान्यात दोन प्रकारची मंडळी येतात. पहिली जुलाब-उलट्यांची. दुसरी, ज्यांना काहीच झालेले नाही अशी. ही दुसरी मंडळी शांतपणे बाकावर बसून राहतात, नंबर लागल्यावर आत येतात आणि म्हणतात, "डॉक्टर, घर बांधून झालं. पुढे दहा फूट जागा सोडलीय. शोभेचं एखादं चांगलं झाड सांगा ना." मी काही वनस्पतीशास्त्राचा माणूस नाही. पण माझ्या बागेच्या नादाची गावाला कल्पना आहे, आणि या सल्ल्याची फी मी घेत नाही, हेही लोकांना ठाऊक आहे!

आरोग्याच्या सदरात झाडांचा विषय कशाला, असे काही वाचकांना वाटेल. मलाही पूर्वी तसेच वाटत असे. फुलांचा रंग, वाढीचा वेग आणि पाण्याची गरज एवढे पाहून आपण झाड निवडतो. रोपवाटिकेवालाही तेवढेच सांगतो. मी स्वतः घर बांधले तेव्हा कुंपणालगत बिट्टीची आठ रोपे लावली. पाणी नको, खत नको, बारा महिने पिवळीधमक फुले, आणि मुख्य म्हणजे शेळ्या तोंड लावत नाहीत. शेळी ज्याला तोंड लावत नाही ते झाड शेळीला का नको असते, हा प्रश्न मात्र डॉक्टर असूनही मला त्या वेळी पडला नाही.

तो काही वर्षांनी एका रविवारी दुपारी पडला. शेजारच्या आजी आपल्या साडेचार वर्षांच्या नातवाला खांद्यावर टाकून घेऊन आल्या. "सकाळपासून चारदा उलटी झाली, काहीतरी बाधलंय," म्हणाल्या. पोर मलूल होते. ताप नव्हता, पोट मऊ होते. पण नाडी धरली आणि मी चमकलो. या वयाच्या मुलाची नाडी मिनिटाला शंभराच्या आसपास असायला हवी. ती होती बावन्न, आणि मधूनच एखादा ठोका गळत होता. "काय खाल्लं?" या प्रश्नाला आजींकडे उत्तर नव्हते. उत्तर होते मुलाच्या बहिणीच्या फ्रॉकच्या खिशात. तिने हिरवे, चकचकीत, थोडे तिकोनी फळ काढून माझ्या टेबलावर ठेवले. भावंडे बिट्ट्या खेळत होती. वाळलेल्या बिट्ट्या संपल्या, म्हणून ताईने हिरवी फळे तोडली आणि दगडाने फोडली. आत बी निघाले. धाकट्याने ते चघळून पाहिले. फळ माझ्याच कुंपणावरचे होते.

मुलाला लगेच जिल्ह्याच्या ठिकाणी हलवले. तीन रात्री तो हृदयाचे ठोके दाखवणाऱ्या यंत्राला जोडलेला होता. अॅट्रोपीनची इंजेक्शने द्यावी लागली. चौथ्या दिवशी तो हसत घरी आला. ते तीन दिवस मी कसे काढले ते इथे सांगण्याचे कारण नाही. आजी मात्र मला एक शब्दही बोलल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, "मी रोज देवाला तुमच्याकडचीच फुलं न्यायची हो."

बिट्टी आणि कण्हेर

बिट्टी म्हणजे पिवळी कण्हेर. मूळची मध्य व दक्षिण अमेरिकेतली, पण आता आपल्या गावागावांत इतकी रुळली आहे की ती परकी आहे असे कुणाला वाटत नाही. तिच्या सर्व भागांत, आणि सर्वांत जास्त बियांत, हृदयावर परिणाम करणारी द्रव्ये असतात. ती समजून घेण्यासाठी एक जुनी गोष्ट सांगतो. इंग्लंडमधील विल्यम विदरिंग या डॉक्टरने १७८५ साली फॉक्सग्लोव्ह नावाच्या बागेतल्या झाडावर पुस्तक लिहिले. त्या झाडाच्या पानांनी अंगावरची सूज उतरते हे त्याने रुग्णांवर पाहिले होते. त्याच कुळातल्या औषधांपैकी डिगॉक्सिनची गोळी आजही काही हृदयरुग्णांना दिली जाते. ती अगदी मोजून द्यावी लागते. थोडी जास्त झाली तरी मळमळ, उलट्या, नाडी मंद होणे, ठोके चुकणे असे प्रकार सुरू होतात. बिट्टीच्या बीत याच जातीची द्रव्ये असतात, फक्त कुणी मोजून न दिलेली.

लाल, गुलाबी, पांढऱ्या फुलांची जी नेहमीची कण्हेर, तीही याच वळणाची. पान, फूल, खोड, मूळ, सगळेच विषारी, आणि वाळल्यावरही विष जात नाही. हमरस्त्याच्या दुभाजकांत ही झाडे मैलोन्‌मैल लावलेली असतात, कारण पुन्हा तेच: जनावर खात नाही. पण छाटलेल्या फांद्या वाळून कडब्यात मिसळल्या तर जनावर खाते, आणि मरते. खेड्यातल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. शहरात बंगला बांधणाऱ्याला सांगावे लागते.

केरळात कण्हेरीला अरळी म्हणतात. तिथल्या देवळांत ती नैवेद्यात आणि प्रसादात वापरण्याची पद्धत होती. २०२४ साली एका तरुण मुलीचा मृत्यू या झाडाची पाने चघळल्यामुळे झाला असावा असा संशय आला, आणि त्याच वर्षी मे महिन्यात तिथल्या देवस्वम मंडळांनी नैवेद्य व प्रसादात अरळी वापरणे बंद केले. आपल्याकडेही कण्हेर देवाला वाहतात. वाहावी, त्यात काही बिघडत नाही. ती तीर्थात, प्रसादाच्या ताटात किंवा फुलदाणीच्या पाण्यातून मुलांच्या तोंडात जाऊ नये, एवढे पाहावे.

मूल असे काही खाऊन आले तर काय करावे, हे आधीच सांगतो, कारण ऐन वेळी कुणी वर्तमानपत्राचे कात्रण शोधत बसत नाही. तोंडातले उरलेसुरले काढून टाका, चूळ भरायला लावा. मिठाचे पाणी पाजून किंवा घशात बोट घालून उलटी करवू नका. तूप, लिंबू, ताक, यांतले काही पाजू नका. जे खाल्ले त्याची एक डहाळी, पान-फळासकट, बरोबर घ्या आणि थेट मोठ्या दवाखान्यात जा. वाहन नसेल तर १०८ ला फोन करा. मूल खेळत आहे, छान दिसते आहे, म्हणून थांबू नका. बिट्टीचा परिणाम काही तासांनीही सुरू होतो, आणि म्हणून निदान चोवीस तास तरी डॉक्टरांच्या नजरेखाली राहणे आवश्यक असते. या विषावर प्रतिविष आहे. २००० साली श्रीलंकेत त्याची रीतसर चाचणी झाली आणि ते उपयोगी ठरले. पण ते इतके महाग आहे की आपल्याकडच्या रुग्णालयांत ते सहसा मिळत नाही. त्यामुळे आपली सारी मदार लवकर पोहोचण्यावर.

याच माळेतले आणखी एक नाव मोगली एरंड. कुंपणाला हा सर्रास लावतात. बी बदामासारखे गोडसर लागते, आणि म्हणून शाळेच्या मधल्या सुट्टीत एक मूल खाते आणि दहा मुलांना वाटते. तासाभरात सगळा वर्ग उलट्या-जुलाबांनी हैराण. बहुतेक मुले सलाईनने बरी होतात. तरी शाळेच्या आवारात हे झाड ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. साध्या एरंडाचे बी आणि गुंजेची लाल-काळी बी ही तर त्याहून वाईट. ती अख्खी गिळली तर कवच टणक असल्याने बरेचदा तशीच बाहेर पडतात. चावली गेली तर मात्र गोष्ट गंभीर.

चीक डोळ्यात गेला तर

कुंपणासाठी शेर लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. हिरव्या पेन्सिलींची जुडी उभी करावी तसे हे झाड. अलीकडे ते कुंडीत शोभेसाठीही विकतात. त्याच्या कांडीला नुसते नख लागले तरी पांढरा चीक ठिबकतो, आणि छाटणी करताना तो डोळ्यात उडाला की माणूस अक्षरशः आंधळ्यासारखा चाचपडत येतो. डोळा लालबुंद, पाण्याची धार, प्रचंड आग. यात वेळ घालवू नये. नळाखाली किंवा तांब्याने पाणी ओतत वीस मिनिटे डोळा धुवावा आणि मग डॉक्टर गाठावा. डोळा चोळू नये. आईचे दूध, गुलाबपाणी, मध यांच्या नादी लागू नये.

रुईचा चीक याहून फसवा. शनिवारी मारुतीला रुईच्या पानांची माळ घालतात. माळ करताना चिकाचा हात डोळ्याला लागतो. रुईच्या चिकाने पुष्कळदा फारसे दुखतच नाही. नुसते धूसर दिसू लागते. दुखत नाही म्हणून माणूस दोन दिवस घरीच थांबतो, आणि तेवढ्यात बुबुळाला आतून सूज आलेली असते. मारुतीची भक्ती जरूर करा. माळ झाल्यावर हात साबणाने धुवा, म्हणजे झाले.

पांढऱ्या चाफ्यालाही चीक असतो, पण तो यांच्याइतका वाईट नाही. नाजूक त्वचेला खाज सुटते इतकेच. एवढ्यासाठी चाफा नाकारण्याचे कारण नाही.

दम्याचे घर आणि झाडाचे फूल

आता ज्या प्रश्नासाठी सर्वांत जास्त लोक येतात तो. घरात दम्याचा रुग्ण आहे, फुलझाड लावले तर चालेल का? लोकांचा समज असा की मोठे, रंगीत, वासाचे फूल म्हणजे परागकण जास्त, म्हणजे त्रास जास्त. प्रत्यक्षात जवळजवळ उलटे आहे. रंग आणि वास ही फुलाने किड्याला दिलेली हाक असते. ज्या फुलाचे काम भुंगे-मधमाश्या करतात, त्याचे परागकण जड आणि चिकट असतात. ते हवेत फारसे उडत नाहीत. त्रास देतात ती वाऱ्यावर पराग सोडणारी झाडे. त्यांची फुले इतकी क्षुल्लक दिसतात की झाड फुलले आहे हेच आपल्या लक्षात येत नाही. वावळ, सुरू, वेडी बाभूळ, एरंड, निरनिराळी गवते. वावळ फेब्रुवारी-मार्चमध्ये फुलतो. त्या दिवसांत शिंका आणि दमा वाढला तर लोक दोष देतात शेजारच्या बंगल्यातल्या गुलाबाला. काटेसावरीचा कापूस हवेत तरंगताना दिसतो आणि त्याच्यावरही खापर फुटते. पण डोळ्यांना दिसणाऱ्या कापसापेक्षा न दिसणारा पराग फुप्फुसाला जास्त छळतो.

गाजरगवताची गोष्ट आपल्या पिढीला नवी नाही. १९५० च्या दशकात ते पुण्यात प्रथम लक्षात आले आणि आज देशात मोकळी जागा मिळेल तिथे आहे. बागेत झाड कोणतेही लावा. झाडाखालचे गाजरगवत फुलावर येण्याआधी, हातमोजे घालून उपटलेले असले, तर दमेकऱ्याचे निम्मे काम झाले.

हल्ली 'कोनोकार्पस' नावाचे झाड फार खपते. दोन वर्षांत हिरवी भिंत उभी करणारे, कसल्याही पाण्यावर जगणारे. वसाहतींच्या कमानीपासून कारखान्याच्या फाटकापर्यंत तेच दिसते. गुजरात सरकारने सप्टेंबर २०२३ मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. कारणे दिली ती हिवाळ्यात त्याच्या परागाने होणारी सर्दी, खोकला, दमा यांची, आणि मुळांनी जमिनीखालच्या तारा व गटारे बिघडण्याची. हिरवेपणाची घाई झालेल्यांनी हे लक्षात ठेवावे.

सातवीण हा थोडा नाजूक विषय आहे. सप्तपर्णी म्हणून जी रोपवाटिकेत मिळते ती हीच. झाड आपलेच, सह्याद्रीतले. सालीचा आयुर्वेदात तापावर उपयोग आहे. लाकडाच्या शाळेच्या पाट्या करीत, म्हणून शास्त्रीय नावातही शाळा आली आहे. झाड सरळ वाढते, पाने बारमाही, मुळांचा फार उपद्रव नाही, म्हणून गेल्या तीस-एक वर्षांत शहरोशहरी रस्त्याकडेला ती लावली गेली. आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये संध्याकाळ झाली की तिच्या वासाने लोकांचे डोके उठू लागले. याला पराग जबाबदार आहे असे मला वाटत नाही. फूल किड्यांचे आहे. पण उग्र वास हाच काही लोकांच्या श्वासनलिकांना चिडवतो, आणि अर्धशिशीचा झटका आणतो. उदबत्ती, अत्तर, फोडणीचा ठसका यांनी होते तसेच. त्यात तो हंगामच थंडी सुरू होण्याचा, फटाक्यांच्या धुराचा. माझ्या दवाखान्यात त्या दिवसांत येणाऱ्या दमेकऱ्यांपैकी अनेकजण सातविणीचे नाव घेतात, आणि मी त्यांना खोटे ठरवत नाही. झाड तोडा असे म्हणणार नाही. टेकडीवर, मोठ्या मैदानाच्या कडेला ते शोभते. शयनगृहाच्या खिडकीपाशी लावू नका. हाच न्याय रातराणीला. शिवाय रातराणीची पांढरी फळेही विषारी असतात. तिच्या वासाने साप येतात ही मात्र निव्वळ समजूत आहे. साप येतो उंदीर-बेडकांमागे आणि बुंध्याशी माजलेल्या गचपणात, विटांच्या ढिगात लपायला. बुंध्यापासून हात-दीड हात जागा झाडून स्वच्छ ठेवली की पुरे.

सावली कोणत्या महिन्यात हवी?

आपल्या भागात शोभेपेक्षा सावलीचे मोल जास्त, हे उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेच्या खोलीत झोपून पाहिलेल्यांना पटेल. वृद्ध माणसे, तान्ही मुले, रक्तदाबाच्या गोळ्या घेणारे रुग्ण यांना घरातल्या घरातही उष्माघात होतो. भिंतीवर पडणारे पश्चिमेचे ऊन झाडाने अडवले तर खोली रात्री लवकर निवते. म्हणून पहिले झाड पश्चिमेला.

पण कोणते? इथे लोक हमखास फसतात. गुलमोहर फुलला की मे महिन्यात डोळ्यांना सुख होते, पण मार्चमध्ये त्याच्याकडे पाहा. नुसत्या शेंगांचा खडखडाट. बहावाही फुलण्याआधी निष्पर्ण होतो. म्हणजे ऊन चढू लागते त्याच महिन्यात सावली गायब. कडुनिंब पाने झाडतो खरा, पण चैत्रात लगेच कोवळी पालवी येते आणि एप्रिल-मे तो गच्च असतो. करंजाचेही तसेच. बकूळ तर कधीच उघडी पडत नाही. तेव्हा पश्चिमेला कडुनिंब, करंज किंवा बकूळ, आणि बहावा, कांचन यांना दर्शनी भागात जागा द्यावी. दक्षिणेकडे पानगळीचे झाड असले तर हिवाळ्यात ऊन घरात येते आणि सांधेदुखीच्या आजोबांना ओटा उबदार मिळतो.

रांगेने लावलेला उंच, लोंबत्या पानांचा 'अशोक' सावलीच्या कामाचा नाही. तो पडदा आहे. आणि तो खरा अशोकही नाही. खरा तो सीता-अशोक, केशरी-लाल फुलांच्या गुच्छांचा, ओलावा आणि थोडी सावली मागणारा. स्त्रियांच्या विकारांवर आयुर्वेदात साल वापरतात ती याची. मध्यंतरी एक बाई वसाहतीतल्या खोट्या अशोकाची साल उकळून महिनाभर पीत होत्या. अंगावरून जाणे थांबले नाही ते नाहीच, वर रक्त सात ग्रॅमवर आले. बाजारातही सीता-अशोकाच्या नावाखाली या सालीची भेसळ होते, हे जाणकार वैद्य सांगतात. झाडाचे नाव आणि औषधाचे नाव एक असले म्हणून झाड एक असेलच असे नाही.

पडण्या-झडण्याचा हिशेब

झाडामुळे दवाखान्यात येणाऱ्यांत विषबाधा झालेले थोडे. जास्त असतात ते पडलेले. फरशीच्या वाटेवर जांभळे, पिचकारीची मांसल फुले, गुलमोहराच्या पाकळ्या पडतात, त्यावर पाऊस होतो आणि पहाटे फुले वेचायला निघालेल्या सत्तरीच्या आजी घसरतात. मांडीचे हाड खुब्याशी मोडले की पुढचे सहा महिने सगळ्या घराचे. तेव्हा गळणारे झाड येण्याजाण्याच्या वाटेवर नको. ते एका बाजूला, मातीवर किंवा गवतावर गळू द्या. मधुमेही माणसाने झाडाखाली अनवाणी फिरू नये. पायाची संवेदना गेलेली असते आणि काटा रुतल्याचे आठ दिवसांनी पू आल्यावर कळते.

गुलमोहर, बूच, पिचकारी ही झाडे लाकडाने ठिसूळ. वळवाच्या वाऱ्यात त्यांच्या फांद्या मोडतात. त्यांच्याखाली मोटारही नको आणि माणूस त्याहून नको. कैलासपतीचे फूल सुंदर, पण त्याची नारळाएवढी जड फळे बुंध्यावरून कधी सुटतील याचा नेम नाही. ते देवळाच्या प्रशस्त आवारात, पाराबाहेर शोभते. वड, पिंपळ, वर्षावृक्ष घराजवळ नकोतच. विजेच्या तारेखाली उंच वाढणारे झाड लावले तर दरवर्षी कुणीतरी ओली फांदी तोडायला वर चढणार. त्याचा परिणाम मी शवविच्छेदनाच्या टेबलावर पाहिला आहे.

पावसाळ्यात शेवग्याच्या खोडावर केसाळ सुरवंटांचे थवे बसतात. शेवगा शोभेचा नसला तरी बंगलोबंगली असतो, म्हणून सांगतो. त्यांचे केस अंगाला लागले तर गांध्या उठतात. चोळू नका, चिकटपट्टी लावून ओढा, केस निघून येतात, मग साबणाने धुवा.

रात्री झाडाखाली झोपू नये, झाड दूषित वायू सोडते, ही समजूतही वाचक पत्रांतून विचारतात. झाड रात्री श्वास घेते हे खरे, पण उघड्या हवेत त्याचा वायू पसरून जातो. शेजारी झोपलेल्या माणसाच्या उच्छ्वासाची आपण कधी भीती बाळगतो का? उलट, पिंपळ चोवीस तास प्राणवायू देतो हेही खरे नाही. प्राणवायू सोडायला प्रत्येक झाडाला उजेड लागतो. अंगणात बाज टाकून झोपायचे तर मच्छरदाणी लावा. झाडाच्या वायूपेक्षा कुंडीखालच्या थाळीतले पाणी धोक्याचे. डेंग्यूचा डास त्यातच अंडी घालतो. आठवड्यातून एकदा त्या थाळ्या उपड्या करून घासून काढाव्या.

मग लावायचे काय?

जागा दहा फुटांच्या आत असेल तर पारिजातक, कलमी सोनचाफा, पांढरा चाफा. पारिजातक उंचीने बेताचा, कसाही छाटा, कुरकुर करीत नाही. फुले पहाटे गळतात. खाली मातीच असू द्यावी. सोनचाफा बियाचा घेतला तर फुलासाठी आठ-दहा वर्षे थांबावे लागते आणि झाड छपराच्या वर जाते. कलमी घेतला तर दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी ओंजळभर फुले, आणि झाड आटोपशीर. त्याचा वास मात्र तीव्र. ज्यांच्या घरी वासाने डोके धरते त्यांनी तो खिडकीपासून दूर ठेवावा.

पंधरा-वीस फूट जागा असेल तर माझी पहिली पसंती देवकांचनाला. दिवाळीच्या सुमारास फुलतो, झाड मध्यम, विषाची भीती नाही. तामण, म्हणजे आपले राज्यपुष्प, उन्हाळ्यात जांभळे तुरे घेऊन उभे राहते. पण ते मूळ कोकणातल्या ओढ्याकाठचे; पाण्याची ओढ आहे तिथे लावून हाल करू नयेत. न्हाणीघराचे पाणी जिथे जाते तिथे ते खुशाल राहते. बहावा काळ्या-मुरमाड कुठल्याही जमिनीत येतो, पहिली काही वर्षे वाढ हळू. त्याच्या लांब शेंगेतला गर रेचक आहे. मुलांनी चाखला तर जुलाब होतात, एवढे घरच्यांना माहीत असावे. बकूळ सर्वांत संथ. ती लावणाऱ्याला तिची गडद सावली बरीच वर्षे मिळत नाही. तरीही घरात लहान मूल असेल तर मी बकूळच सांगतो: फळ खाल्ले तरी अपाय नाही, फूल वाळले तरी वास जात नाही, फांद्या चिवट.

भिंतीपासून अंतर लहान झाडाला आठ-दहा फूट, मोठ्याला वीस फूट तरी ठेवावे. खड्डा तीन फूट लांब-रुंद-खोल, शेणखत चांगले कुजलेले. रोप घेताना नाव विचारा आणि त्याचे फळ कसे असते तेही विचारा. रोपवाटिकेवाल्याला सांगता आले नाही, तर ज्या घरी ते झाड मोठे झाले आहे तिथे जाऊन एकदा पाहून या.

आणि दारात आधीच बिट्टी असेल तर? सगळ्यांनी आजच कुऱ्हाड घ्यावी असे मी म्हणत नाही. घरात-शेजारी लहान मुले नसतील आणि गुरे फिरकत नसतील तर फळे धरताच तोडून टाकत गेले तरी चालते. मी मात्र माझी आठही झाडे काढली. काढणाऱ्या गड्याला हातमोजे आणि चष्मा दिला. फांद्या जाळल्या नाहीत, कारण धुराचाही त्रास होतो. बंबाला किंवा चुलीला तर मुळीच दिल्या नाहीत. उकिरड्यावर टाकल्या असत्या तर मोकाट गाईंनी खाल्ल्या असत्या, म्हणून परसात खोल खड्डा घेऊन पुरल्या. खाली पडलेल्या बिया मात्र दोन पावसाळे उगवत राहिल्या, आणि दर रविवारी मी त्या उपटत राहिलो. त्या जागी आता बकूळ आहे, छातीइतकी उंच. शेजारच्या आजींनी फुलांसाठी परडी विकत घेऊन ठेवली आहे. मी त्यांना सांगितले, अजून दोन-चार वर्षे तरी लागतील.